पाचवीच्या वर्गात अमेरिकेचा इतिहास : कात्री, डिंक आणि वही यांतून नेमके काय शिकवले जाते?

शाईदौत (टेक्सास)

नमस्कार मंडळी,

मी मूळची नाशिकची. सध्या डॅलसजवळच्या एका प्राथमिक शाळेत पाचवीच्या मुलांना समाजशास्त्र शिकवते आणि शिक्षिका म्हणून हे माझे पहिलेच वर्ष आहे. आमच्या राज्यात चौथीला टेक्सासचा इतिहास असतो आणि पाचवीला वसाहतींच्या काळापासून पुढचा अमेरिकेचा. वर्गात २४ मुले आहेत आणि तास ४५ मिनिटांचा असतो. पाचवीची राज्यस्तरीय परीक्षा वाचन, गणित व विज्ञान यांचीच असल्यामुळे (समाजशास्त्राची थेट आठवीत होते) चाचण्या जवळ आल्या की पहिली गदा माझ्याच तासावर येते.

आमच्याकडे हा विषय ‘इंटरॅक्टिव्ह नोटबुक’ पद्धतीने शिकवण्याचा प्रघात आहे. वही उघडली की उजव्या पानावर शिक्षकांनी दिलेले टिपण, नकाशा किंवा उतारा असतो, आणि डाव्या पानावर मुलाने त्या माहितीचे स्वतः काहीतरी करायचे असते. मग ते चित्र असेल, तक्ता असेल, पत्र असेल किंवा उघडझाप करणाऱ्या झडपांचा घडीचा कागद असेल. पहिल्या दोन पानांवर मुले अनुक्रमणिका भरत जातात आणि वर्षअखेर ती वहीच त्यांचे पाठ्यपुस्तक होते, अशी त्यामागची कल्पना आहे.

माझी अडचण एका प्रसंगातून सांगते. बोस्टनच्या चहाच्या प्रकरणासाठी आम्ही वहीत कागदाची पेटी चिकटवली. झाकण उघडले की आत १६ डिसेंबर १७७३ ही तारीख, डार्टमथ, एलिनॉर आणि बीव्हर ही जहाजांची नावे आणि पाण्यात फेकलेल्या ३४२ पेट्यांचा आकडा. पूर्ण दोन तास खर्ची पडले. पेट्या देखण्या झाल्या, बाहेरून पाहणाऱ्यांनी कौतुकही केले. आठवड्याने मी एकच प्रश्न विचारला : लोकांनी चहा का फेकला? निम्म्याहून अधिक मुलांनी ‘चहा महाग झाला म्हणून’ असे लिहिले. वास्तविक त्या वर्षीच्या कायद्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीचा चहा उलट स्वस्त होणार होता. जिथे आपला एकही प्रतिनिधी नाही अशा ब्रिटिश पार्लमेंटने कर लावावा, याला लोकांचा विरोध होता. ३४२ हा आकडा मात्र सगळ्यांना तोंडपाठ होता.

ही पद्धत मनापासून राबवून पाहिलेल्या कोणाला कात्री आणि डिंक यांतून इतिहास खरोखर समजतो असा अनुभव आला आहे का? आला असल्यास कोणत्या प्रकरणाला काय करून घेतलेत, हे तपशिलाने वाचायला आवडेल. पुढच्या महिन्यात मला राज्यघटना आणि त्यानंतर गुलामगिरी हे भाग घ्यायचे आहेत, आणि दुसऱ्या भागाची मला थोडी भीतीच वाटते.

---

पाटीपेन्सिल (कॅलिफोर्निया)

शाईदौत ताई, तुमच्या पेटीची हकीकत वाचून हसू आले, कारण तशा पेट्या मीही करून घेतल्या आहेत. चौथी-पाचवीला शिकवून मला आता बरीच वर्षे झाली आणि या काळात अशा कितीतरी देखण्या गोष्टी मी वहीतून हद्दपार केल्या.

आमच्या राज्यात चौथीला स्पॅनिश मिशनांचा, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांनी धर्मप्रसारासाठी उभारलेल्या वसाहतींचा, इतिहास असतो. सॅन दिएगोपासून सोनोमापर्यंत अशी २१ मिशने आहेत, आणि प्रत्येक मुलाने साखरेच्या ठोकळ्यांचे किंवा पुठ्ठ्याचे एक मिशन घरून करून आणायचे, ही इथली पिढ्यानपिढ्यांची रीत होती. दुकानांत त्याचे तयार संचही मिळत असत. त्या भिंतींच्या आत मूळ रहिवाशांचे काय झाले, त्यांच्याकडून काम कसे करून घेतले गेले, रोगराईने ते किती संख्येने दगावले, यातले काहीही साखरेच्या ठोकळ्यांत बसत नसे. अखेर २०१६ साली राज्याच्या इतिहासविषयक अभ्यासक्रम-आराखड्याने अशा प्रतिकृती करून घेऊ नयेत असे लिहिले. मला त्याचे वाईट वाटले नाही.

याउलट आपण लहानपणी दिवाळीत किल्ला करत होतो ते आठवा. पोती, विटा आणि चिखल घेऊन बसले की प्रश्न आपोआप उभे राहतात. दरवाजा समोरासमोर ठेवायचा की दोन बुरुजांच्या आड दडवायचा? पाण्याचे टाके वर करायचे की खाली? माची कुठवर न्यायची? या प्रत्येक ठिकाणी निर्णय घ्यावा लागतो आणि म्हणून रायगडाचा महादरवाजा तसा का बांधला आहे हे पुढे तिथे गेल्यावर पटकन कळते. बाजारातून प्लास्टरचा तयार किल्ला आणून अंगणात ठेवणाऱ्या मुलाला यातले काही मिळत नाही, त्याच्या किल्ल्यावर अळीव कितीही हिरवेगार उगवले तरी.

म्हणून वहीतल्या प्रत्येक कृतीला मी एकच कसोटी लावते. ही घडी काढून टाकली आणि तीच माहिती साध्या यादीत लिहिली, तर काही हरवते का? तुमच्या पेटीतून काहीच हरवत नाही. आता हे पाहा.

१७६३ ते १७७५ या काळासाठी मी लांब पट्टीची पंख्यासारखी घडी करून घेते. पट्टीच्या पुढच्या बाजूला फक्त पार्लमेंटची पावले : १७६४ चा साखरेचा कायदा, १७६५ चा मुद्रांक कायदा, १७६७ चे आयात मालावरचे टाउनशेंड कर, १७७३ चा चहाचा कायदा, १७७४ मध्ये बोस्टनचे बंदर बंद करणारे दंडात्मक कायदे. मागच्या बाजूला, प्रत्येक पावलाच्या बरोबर पाठीमागे, वसाहतींनी दिलेले उत्तर : बहिष्कार, न्यूयॉर्कला भरलेली मुद्रांक कायद्याविरुद्धची परिषद, चहा फेकणे, फिलाडेल्फियातील पहिली काँग्रेस (वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा). पुढची बाजू वाचताना मागची दिसत नाही, आणि तिथेच खरी मजा आहे, कारण मूल ती पट्टी उलटसुलट करत राहते आणि लंडनला हे बंड का समजले नाही हेही त्याच्या लक्षात येते. आमच्या एका मुलीने पट्टी उलटी धरून विचारले होते, “पण मुद्रांक कायदा तर त्यांनी १७६६ मध्ये रद्द केला, मग भांडण मिटले का नाही?” मग रद्द करतानाच पार्लमेंटने ‘वसाहतींवर कायदे करण्याचा आमचा अधिकार मात्र अबाधित आहे’ असे जाहीर करून ठेवले होते, हे सांगायला मला आयते निमित्त मिळाले.

चहाच्या प्रकरणासाठी पेटीऐवजी चार झडपा करा. प्रत्येक झडपेवर एक माणूस : चोरट्या मार्गाने आलेला डच चहा विकणारा व्यापारी, कंपनीचा चहा विकण्याचा परवाना मिळालेला दुकानदार, गोदीतला मजूर आणि मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर हचिन्सन. ‘कराचा पण स्वस्त चहा बंदरात आला आहे, तुम्ही काय कराल?’ याचे उत्तर मुलाने झडपेवर लिहायचे आणि कारण आत लिहायचे. परवाना मिळालेल्यांत हचिन्सनचे दोन मुलगेही होते, ही माहिती मुलांनी पहिले उत्तर लिहिल्यानंतर सांगा आणि बदलायचे असल्यास बदलू द्या. खोडलेले पहिले उत्तर पुसू मात्र देऊ नका. ‘चहा महाग झाला म्हणून’ हे उत्तर यानंतर सहसा येत नाही.

जाता जाता, आपल्या घरची मुले हमखास विचारतात म्हणून सांगते : तो चहा आसामचा नव्हता. कंपनी तो चीनमधून आणत असे. आसामातले मळे १९ व्या शतकातले.

---

टिपकागद (न्यू जर्सी)

मी शिक्षक नाही, परंतु आम्ही दोघे नवरा-बायको आमच्या दोन मुलांना घरीच शिकवतो आणि गेल्या वर्षी हाच भाग केला. पाटीपेन्सिल ताईंच्या कसोटीत उतरलेल्या दोन गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट ५ मार्च १७७० ला ब्रिटिश शिपायांनी बोस्टनमध्ये जमावावर केलेल्या गोळीबाराची. पॉल रिव्हिअरने त्यावर छापलेले चित्र लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. ते वहीच्या पानाएवढे छापून चिकटवले आणि वरच्या कडेला ट्रेसिंग पेपरचे एक पान असे लावले की ते चित्रावर पडद्यासारखे पडेल. आधी फक्त चित्र पाहायचे : शिपाई एका सरळ रांगेत उभे आहेत, त्यांच्यामागे कप्तान तलवार उगारून हुकूम देत आहे, समोरचे लोक निःशस्त्र आहेत आणि शिपायांच्या डोक्यावरच्या इमारतीवर ‘कसाईखाना’ अशा अर्थाची पाटी आहे. त्यानंतर खटल्यातील साक्षींचा सोप्या भाषेत केलेला सारांश वाचायचा. घटना रात्री नऊच्या सुमारास घडली, रस्त्यावर बर्फ होते, जमावाने बर्फाचे गोळे आणि काठ्या फेकल्या, एकच गोंधळ होता आणि हुकूम कोणी दिला यावर साक्षीदारांचे एकमत नव्हते. साक्षींशी न जुळणारी प्रत्येक जागा मुलाने ट्रेसिंग पेपरवर लाल पेन्सिलीने गोल करायची. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने सर्वांत आधी बर्फ शोधायला घेतले. ते न सापडल्यावर तो म्हणाला, “बाबा, याने चित्र मुद्दाम काढलंय.” पाच माणसे खरोखर मेली हेही तेवढेच सत्य आहे, त्यांत क्रिस्पस अॅटक्स होता, हे मग निराळे सांगावे लागले, नाहीतर चित्र खोटे म्हणजे प्रसंगही खोटा, असा समज व्हायला वेळ लागत नाही. शिपायांचे वकीलपत्र जॉन अॅडम्सने घेतले होते आणि आठांपैकी सहा निर्दोष सुटले, हे कळल्यावर जेवणाच्या टेबलावर आमच्याकडे दोन दिवस खटला चालला.

दुसरी गोष्ट नकाशाची. बहुतेक वह्यांत तेरा वसाहती रंगवल्या जातात आणि पुढच्या पानावर एकदम १८०३ ची लुइझियानाची खरेदी येते. आम्ही एकाच पानावर थर रचले. तळाला चेरोकी, लकोटा, कोमांची, नेझ पर्स असे तिथले मूळ समाज दाखवणारा नकाशा. त्यावर एकेक पारदर्शक पान : १७६३ ची अॅपलाचियन पर्वतावरची (पलीकडे वस्ती करण्यास) मनाईची रेषा, १७८३ ची मिसिसिपीपर्यंतची हद्द, १८०३, १८४५ चे टेक्सास, १८४८ ला मेक्सिकोकडून घेतलेला प्रदेश. सगळी पाने खाली पाडली तरी तळाची नावे अंधुक दिसत राहतात. १८३८ मध्ये चेरोकींना त्यांच्या भूमीतून हाकलले त्या वाटचालीपाशी आलो, तेव्हा मुलीने तळाच्या थरावरचे नाव खोडून पश्चिमेला लिहावे का असे विचारले. मी ‘तुला काय वाटते?’ एवढेच म्हणालो. तिने नाव न खोडता तिथून बाण काढला.

चहाच्या पाण्यात बुडवून कागद जुनाट करण्याचा उद्योग मात्र करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा चर्मपत्रावर लिहिला होता आणि लिहिला तेव्हा तो नवा कोरा होता. आमच्या ओट्यावरचे डाग अजून गेलेले नाहीत.

---

सातारकर मास्तर

आपल्या सर्वांविषयी आदर राखून थोडे वेगळे लिहितो. मी ३० वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला आणि सध्या लेकीकडे ओहायोला आलो आहे. नातीची अशी वही मी पाहिली. घड्या उत्तम आहेत, परंतु सबंध वहीत सलग पाच वाक्यांचे उत्तर एकही नाही. मुलांना ‘कारणे लिहा’ असा प्रश्न घालावा, उत्तर लिहून घ्यावे, ते तपासावे आणि चुकले तर पुन्हा लिहून घ्यावे. यात जुनाटपणा वाटत असल्यास असो. झडपेच्या आत जेमतेम सात शब्द मावतात आणि कार्यकारणभाव सात शब्दांत मावत नाही.

दुसरे असे की, नातीला यॉर्कटाऊनला १७८१ मध्ये ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला हे ठाऊक होते. तोच गृहस्थ १७८६ मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला आणि टिपूविरुद्धच्या युद्धात पेशवे आणि निजाम त्याच्या बाजूने उभे होते, हे मी सांगितले तेव्हा तिने वहीतल्या त्याच्या चित्राखाली आपणहून ‘पुढे चालू’ असे लिहिले.

---

उंबरठा (मेरीलँड)

मास्तरांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. माझ्या वर्गात डाव्या पानाचा खालचा तिसरा भाग नेहमी मोकळा ठेवलेला असतो आणि घडी पूर्ण झाली की तिथे ‘म्हणून’ हा शब्द किमान दोनदा येईल असा परिच्छेद लिहावाच लागतो. गुण त्या परिच्छेदाला आहेत, कातरकामाला शून्य.

मी मुख्यतः शाईदौत यांच्या भीतीविषयी लिहिते, कारण ती रास्त आहे. गुलामगिरी शिकवताना हाताने करण्याच्या कृतींचा मोह सर्वांत घातक ठरतो. वर्गात जमिनीवर टेप लावून मुलांना जहाजातल्यासारखे दाटीने झोपवणे, लुटुपुटीचा लिलाव करणे, वहीत गुलामांच्या जहाजाची झडप करणे, हे प्रकार ठिकठिकाणी झाले आहेत आणि त्यांतून काळ्या मुलांचा वर्गासमोर अपमान होतो, इतर मुलांना तो खेळ वाटतो. यातनांची नक्कल करू नये, हा नियम मी कोणत्याही कारणासाठी मोडत नाही.

त्याऐवजी मी एक मूळ कागद घेते. मे १७९६ मध्ये ओना जज ही साधारण वीस-बावीस वर्षांची तरुणी फिलाडेल्फियातील राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या घरातून निघून गेली. ती मार्था वॉशिंग्टन यांची गुलाम म्हणून ठेवलेली खास सेविका होती. तिला परत आणणाऱ्यास दहा डॉलर बक्षीस देण्याची जाहिरात वर्तमानपत्रात आली. त्या जाहिरातीत तिचे डोळे, केस, चेहऱ्यावरचे ठिपके यांचे वर्णन आहे, तिच्याकडे बरेच चांगले कपडे आहेत असे म्हटले आहे, आणि तिने पळून जाण्याला काही कारण घडले नव्हते असाही सूर आहे. जाहिरात पानाच्या मध्यभागी चिकटवायची. डावीकडच्या रकान्यात ‘लिहिणाऱ्याला काय हवे आहे?’ आणि उजवीकडच्या रकान्यात ‘न सांगता तो ओनाविषयी काय सांगून गेला?’ एवढे दोनच प्रश्न. मुले शब्दाशब्दांवर बोट ठेवून वाचतात. ‘इतके कपडे आहेत म्हणजे तिने आधीच तयारी केली असणार’, ‘कारण नव्हते असे तिला विचारून लिहिले आहे का?’ अशी वाक्ये दहा वर्षांची मुले लिहितात. नंतर तिच्या पुढच्या आयुष्याचे पान येते : ती न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथला पोहोचली, तिने लग्न केले, तिला मुले झाली, वॉशिंग्टन यांच्या माणसांनी प्रयत्न करूनही ती परतली नाही आणि १८४८ मध्ये वारली तेव्हाही कायद्याच्या दृष्टीने ती मुक्त नव्हती.

राज्यघटनेचा भाग याला जोडूनच घ्या. तीन सत्ताशाखांच्या (काँग्रेस म्हणजे संसद, राष्ट्राध्यक्ष आणि न्यायालये) तीन झडपा सगळेच करतात आणि त्या वाईट नाहीत. फक्त झडपांमध्ये दोरा ओवून घ्या. काँग्रेसने संमत केलेले विधेयक राष्ट्राध्यक्ष नाकारतो, तिथून काँग्रेस दोन तृतीयांश मतांनी ते पुन्हा संमत करू शकते, असा एकेक दोरा एका भोकातून दुसऱ्या भोकात गेला पाहिजे, आणि एक झडप ओढली की उरलेल्या दोन्ही हलल्या पाहिजेत. त्याच पानाच्या मागे मात्र १७८७ च्या मसुद्यातील तीन पंचमांशाचे कलम, म्हणजे राज्याची लोकसंख्या मोजताना पाच गुलामांमागे तीन माणसे धरण्याचे कलम, यायला हवे. पाच चौकोन काढून त्यांतले तीनच रंगवायचे आणि खाली लिहायचे : या मोजणीमुळे काँग्रेसमध्ये कोणाच्या जागा वाढल्या? ‘गुलामांना थोडी तरी किंमत दिली’ असा गैरसमज मोठ्यांचाही असतो. जागा मालकांच्या राज्यांच्या वाढल्या हे गणित करूनच पटते.

मराठी घरातल्या मुलांसाठी एक दुवा मी आवर्जून देते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले तेव्हा ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केले होते. गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ ची. आठ वर्षांत तिचे पडसाद पुण्यात उमटले होते.

---

शाईदौत (टेक्सास)

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल पाटीपेन्सिल ताईंच्या चार झडपा करून पाहिल्या आणि मास्तरांच्या सांगण्यावरून खाली पाच ओळींचा परिच्छेद लिहून घेतला. एका मुलाने लिहिले आहे की, ‘मी मजूर असतो तर स्वस्त चहा प्यायलो असतो आणि कोणाला सांगितले नसते.’ याला पूर्ण गुण दिले. ओना जजची जाहिरात छापून ठेवली आहे. त्या तासाआधी पालकांना पत्र पाठवावे असे ठरवले आहे.

आता एक अगदी बाळबोध प्रश्न. डिसेंबरातच वह्या इतक्या फुगल्या आहेत की मिटत नाहीत आणि पहिली पाने सुटू लागली आहेत. शिवाय माझे छापील कागद दर वेळी पानाच्या बाहेर येतात. तुम्ही काय करता?

---

पाटीपेन्सिल (कॅलिफोर्निया)

कागद बाहेर येतात कारण आपण लेटर आकाराच्या कागदावर छापतो आणि कंपोझिशन नोटबुकचे पान त्याहून बरेच लहान असते. छापतानाच आकार ८० टक्क्यांवर आणा, म्हणजे मुलांना चारही कडा कातरत बसावे लागणार नाही. तिथेच रोजची दहा मिनिटे वाचतात. डिंकाचे चार कोपऱ्यांना चार ठिपके आणि मध्ये एक, एवढेच पुरे, फासायचा नाही.

फुगण्यावरचा उपाय वर्षाच्या सुरुवातीला करायचा असतो, तरी आताही उरलेल्या पानांना करता येईल. दर तिसरे पान कापून टाका, पण मुळापासून फाडू नका, कारण या वह्या शिवलेल्या असतात आणि एक पान ओढले की पलीकडचे जोडपान सुटते. बोटभर रुंदीची पट्टी शिवणीला ठेवून कापायचे. तुमची पहिली पाने सुटली आहेत ती बहुधा कोणीतरी चिठ्ठ्यांसाठी मागची पाने फाडल्यामुळे; पाचवीत ते होतेच.